चाळीस रेघा

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की माझं डोकं फिरतं. घरच्यांना वाटतं, उन्हाचं. धुळ्याचं ऊन आहेही तसं. पण कारण वेगळं आहे आणि ते मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. आता लिहून टाकतो.

ऐन पंचविशीत मी जळगावला एका जिनमध्ये तोलाईचा कारकून होतो. कापसाच्या गाड्या येत, मी वजन लिहून घेई. जिनच्या मागच्या गल्लीत एका विधवा बाईच्या शेजारची खोली दोन वर्षं माझ्याकडे होती. बाई लोकांचे पापड लाटून द्यायची, दळणं दळायची. सगळी गल्ली तिला अक्का म्हणे, मीही. पुढं मला रेल्वेच्या पलीकडे जरा स्वस्त खोली मिळाली आणि तिथून येण्याजाण्याला सायकल हवीशी वाटली. हवीशीच. पायी वीस मिनिटांची वाट होती. गरज कसली आली.

जुनी सायकल तीस रुपयांना मिळत होती. पगारातले बरेचसे पैसे गावी जात. अक्काने गाडग्यातून फडक्याची पुरचुंडी काढली आणि तीस रुपये माझ्यासमोर मोजले. व्याज घ्यायला ती तयार नव्हती. अट एकच होती.

"रोज एक आना आनी दे."

"अक्का, महिन्याला दोन रुपये देत जाईन ना. रोज कुठं?"

"महिनाना मानूस इसरी जास, भाऊ. रोजना मानूस इसरत नही."

चारशे ऐंशी आणे झाले. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवसापासून सुरुवात केली. तिला लिहिता येत नव्हतं. चुलीशेजारच्या भिंतीवर ती गेरूने एक उभी रेघ ओढायची. वीस रेघा झाल्या की त्यांवर एक आडवी. तिचं सगळं मोजणं विसांनी चाले.

पहिले आठ दिवस मला गंमत वाटली. नंतर रोज चीड यायला लागली. जिनमधून सुटल्यावर अंगभर कापसाची बारीक कुसं, घसा कोरडा, आणि घर एका दिशेला तर अक्का दुसऱ्या. जी सायकल लांब राहता यावं म्हणून घेतली, ती रोज मला फिरून त्याच गल्लीत आणायची. त्यातही हातात सुटा आणा हवा. रुपया मोडायला पानवाल्याकडे जावं तर तो म्हणे, आधी पान घ्या. म्हणजे एक आणा फेडण्यासाठी दोन पैशांचं पान. एखाद्या दिवशी चुकलो तर दुसऱ्या दिवशी दोन आणे देऊन भागत नसे, काल का आलो नाही तेही सांगावं लागे.

समोर एक शिंपी बसायचा. मी सायकल टेकवली की मशीन न थांबवता म्हणायचा, "आलात का कारकून दर्शनाला? दानपेटी उघडी आहे."

अक्काची थट्टा निराळी. ती माझ्या सायकलीला घोडं म्हणायची. आणा हातात पडला की चाकाच्या तारांकडे बघून सांगायची, "आज एक आरी तुन्ही झायी. बाकीनं घोडं अजून मन्हंच शे." मी हसायचो. मनात मात्र नव्हतो हसत. एकदम तीस रुपये आणून तिच्या पुढ्यात आपटावेत असं रोज वाटे, आणि रोज खिशातून निघे तो एकच आणा.

त्या सालच्या आखाजीला अक्काने मला मुराळी केलं. आमच्याकडे आखाजीला लेक माहेरी येते आणि तिला आणायला भावानेच जायचं असतं. अक्काला मुलगा नव्हता. एकुलती लेक एरंडोलजवळच्या खेड्यात दिलेली. अक्काने भाड्याची बैलांची दमणी केली आणि मला बसवलं. दमणीचं भाडं आणि लेकीचं लुगडं मिळून अडीच रुपये खर्च आला. हा आकडा मला पक्का आठवतो. पुढं का, ते कळेलच.

लेक आली. चार दिवस गल्लीत झोका बांधला होता, गाणी चालली होती. मी आणा द्यायला जाई तेव्हा अक्का पापड लाटता लाटता तिच्याकडे नुसती बघत असे.

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी गेलो तर घर उजळलेलं. आई थकली आहे म्हणून लेकीने सकाळीच पांढऱ्या मातीने सगळ्या भिंती पोतारून टाकल्या होत्या. चुलीशेजारची भिंत कोऱ्या कागदासारखी झाली होती.

लेक मागच्या दारी भांडी घासत होती. अक्का माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "पोरनी भित पोतारी टाकी. तिले काही बोलू नको, जीवले लायी ली. किती व्हतात रे?"

माझ्या खिशात वही होती. तीत एकशेचार लिहिलेले होते, म्हणजे पाच विसा आणि चार. वही काढायचीही गरज नव्हती.

मी म्हणालो, "सात विसा न चार."

का म्हणालो? त्यावर मी बारा-चौदा वर्षं विचार केला आहे. गरज म्हणावी तर नव्हती. दानपेटी, पान, आरी, रोजचा तो फेरा, सगळ्याचा राग तोंडाशी होता आणि समोर भिंत कोरी होती. चाळीस दिवस कमी यावं लागेल, एवढंच डोक्यात आलं. दिवसभर काट्यावर लोकांचं वजन बरोबर लिहिणारा माणूस मी.

अक्काने गेरूची वाटी माझ्या हातात दिली. "तूच काढ. तू लिखनारा मानूस शे."

एकशे चव्वेचाळीस रेघा ओढल्या. चाळीस खोट्या रेघा खऱ्यांपेक्षा सरळ आल्या. मध्येच लेक हात पुसत आत आली आणि दारातच थबकली. "भाऊ, हाई काय?" अक्काने "काही नही, आमना खेळ शे," म्हणून उडवलं. पण पोर शहाणी होती. आपण काय पुसलं ते तिला समजलं, हे मी तिच्या चेहऱ्यावर पाहिलं.

पुढच्या वर्षी रंगपंचमीनंतर दोन-तीन दिवसांनी शेवटचा आणा दिला. सुटलो, असं वाटायला हवं होतं. अक्काने रेघ ओढली आणि आडव्या रेघा बोटाने मोजल्या.

"दुसरी आखाजीलोंग पुरतीन, असं मनमां व्हतं," ती म्हणाली. "धोंडाना महिना धरीसन मोजं व्हतं मी. लवकर सरनात. बरं शे, घोडं तुन्हं झायं."

अधिक मास मी धरलाच नव्हता. तिने धरला होता. रोजचे आणे पोटाला आणि शेवटचे चाळीस दमणीला आणि लुगड्याला, असं तिने वर्षभर आधी योजून ठेवलेलं. त्या आखाजीला दमणी गेली नाही. मी सायकलवरून गल्लीत गेलो होतो, अक्काच्या घरात गेलो नाही. शिंपी म्हणाला, "कारकून, आता दर्शन बंद?"

आता म्हणाल, अडीच रुपये त्याच वेळी द्यायचे. हेच तर. द्यायचे म्हणजे सांगायचं. देणं सोपं होतं, सांगणं नव्हतं. त्या पावसाळ्यात मला धुळ्याच्या जिनमध्ये जागा मिळाली, देवपूरला बिऱ्हाड केलं. पुढची आखाजी यायच्या आत अक्का तापाने गेली. मला महिन्याने कळलं.

मग मी लेकीकडे जायला लागलो. दर आखाजीला, मोटारीने एरंडोलपर्यंत आणि पुढं पायी. पहिल्या वर्षी अडीच रुपये हातात ठेवले. "हे तुझ्या आईचे," असं म्हणायचं ठरवून गेलो होतो. तोंडातून निघालं, "ठेव." तिने पैसे कपाळाला लावले आणि सासूला हाक मारली, "मन्हा भाऊ उना, रिकामा हातनं नही उना." गुळाची पोळी वाढली. देणं तसंच राहिलं आणि मी उदार ठरलो. पुढल्या वर्षी पुन्हा तेच. युद्धात मोड मिळेना तेव्हासुद्धा दहा ठिकाणी फिरून मी पावली-अधेल्या जमवल्या आणि नेल्या. दर वर्षी अडीच रुपये दिले आणि दर वर्षी ते भावाची ओवाळणी होऊन बसले. असं फेडणं म्हणजे फुटक्या माठात पाणी.

गेल्या आखाजीला ती आपण होऊन बोलली. तिची स्वतःची लेक आता सासरी जायच्या वयाची झाली आहे. भिंत पोतारता पोतारता म्हणाली, "मी ह्या भितले हात लावस ना भाऊ, तवय माय आठवस. तवय मी रेघा पुसी टाक्यात. तिन्हा चाळीस आना कोठे गयात, तिले समजनं नही. ती म्हने, भाऊना आकडा चुकाव नही, मन्हाच मोजामां चुकी व्हयी. पन चुकी मन्ही व्हती. मन्हामुळे ती माले आनू शकनी नही."

म्हणजे अक्काचा हिशोब पहिल्यापासून बरोबर होता, आणि माझ्या शब्दाखातर तिने तो चुकीचा मानला. आणि ही बाई माझं खोटं इतकी वर्षं स्वतःच्या पदरात बांधून बसली होती.

मी सांगितलं. उभ्याउभ्याच सांगितलं, लांबण लावली नाही. "रेघा तू पुसल्यास. आकडा मी खोटा सांगितला. पाच विसा होत्या, मी सात सांगितल्या."

तिचा हात भिंतीवर थांबला. मातीचं पाणी कोपरापर्यंत ओघळत आलं.

"मंग मी इतला वरीस कशाले रडनू?" ती म्हणाली. हे तिने मला विचारलं की भिंतीला, कोण जाणे.

हात धुऊन ती आत गेली, सकाळी रुमालात बांधून दिलेले अडीच रुपये तसेच घेऊन आली आणि माझ्या हातात ठेवले. भाऊ म्हणाली नाही. जेवायलाही थांबवलं नाही. मीही थांबलो नसतो.

आज आखाजीला आठ दिवस आहेत. ते पैसे फडताळात आहेत, त्याच रुमालात. ती ते घेणार नाही. न्यायचे नाहीत तर तिच्या दाराशी कोण म्हणून उभं राहायचं, हे मला ठरवता येत नाही. सकाळी बायकोने विचारलं, "यंदा एरंडोलला नाही का जायचं?"

म्हटलं, "बघू." तिने मोटारीची वेळ विचारून ठेवली आहे.