एर्सिलियाचा उंचवटा

एर्सिलिया पास्तेन माझी नणंद. द्राक्षमळ्यात राबणाऱ्या घरातली ही मुलगी ला सेरेना शहरातल्या विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवायला लागली, पण राहिली इथेच, विकुन्या गावात, आईजवळ. रोज बसने जा-ये. स्वयंपाकात मात्र तिचं लक्ष नसे. तिच्या हातचा भात आम्ही केवळ मायेपोटी खायचो.

विश्वातला न दिसणारा पदार्थ, कृष्णद्रव्य, हाच तिचा ध्यास. सासूबाई तिला चिडवायच्या, "दिसत नाही, हाताला लागत नाही, आणि तू त्याचीच मास्तरीण. धंदा बरा शोधलास, बाई."

"आई, दीर्घिकेच्या कडेचे तारे फार जोरात फिरतात. नुसत्या दिसणाऱ्या ताऱ्यांच्या ओढीने ते टिकलेच नसते, कधीच भिरकावले गेले असते. त्यांना धरून ठेवणारं आणखी काहीतरी आहे."

"मग देव म्हण की."

"देवाचं वजन काढता येत नाही. याचं येतं."

हे द्रव्य एका विशिष्ट कणाचं बनलेलं असावं, असा तिचा कयास होता. असे दोन कण एकमेकांवर आदळले की दोघंही नाहीसे होतात आणि ठरावीक ऊर्जेचे गॅमा किरण मागे राहतात. ती ऊर्जा किती, हे तिने तरुणपणीच गणिताने काढलं होतं. मग नुसती वाट पाहणं.

आणि एका वर्षी अवकाशातल्या दुर्बिणीने आकाशगंगेच्या मध्यातून टिपलेल्या किरणांच्या आलेखात, नेमका तिच्या आकड्याजवळ, एक लहानसा उंचवटा दिसला. पेपरात तिचा फोटो आला. सासूबाईंनी तो आपल्या पपईच्या वड्यांच्या दुकानात काचेमागे लावला. नगराध्यक्षांनी चौकात सत्कार ठरवला.

सत्काराच्या आदल्या दुपारी मी एम्पानादांचं, म्हणजे आमच्याकडच्या खिमा भरलेल्या करंज्यांचं, पीठ मळत होते. एर्सिलिया आली आणि स्टुलावर बसून राहिली.

"वहिनी, तोच उंचवटा भलतीकडेही दिसतोय."

"म्हणजे?"

"दुर्बीण पृथ्वीच्या कडेकडे वळते, तेव्हाही. तिथले किरण आपल्या हवेतूनच निघतात, त्यात असा उंचवटा यायचं कारण नाही. दोष दुर्बिणीतच असणार."

"आणखी कुणाला कळलंय?"

"अजून नाही."

"मग सोमवारी सांग. आईंनी नवा झगा शिवलाय, एर्सिलिया."

ती रागावली नाही. म्हणाली, "उद्या शाळेतली पोरं समोर बसतील. त्यांच्याशी काय बोलू?"

मी टेबलावरचं पीठ बाजूला सारून तिला जागा करून दिली. दुर्बीणवाल्यांना तिने माझ्याच टेबलावर बसून कळवलं.

दुसऱ्या दिवशी नगराध्यक्षांचं लांबलचक भाषण झाल्यावर ती उभी राहिली. "मला वाटलं होतं, सापडलं. पण ते बहुधा यंत्राचं चुकतंय. हे मीच तपासलं, म्हणून मीच सांगते."

सासूबाई पहिल्या रांगेतून उठल्या. आता ही बोलणी खाणार, असं मला वाटलं.

"एवढंच ना?" त्या म्हणाल्या. "कालपासून तुझं तोंड बघून मला वाटलं, काही दुखणं लागलं. चला, एम्पानादा निवताहेत."

बँडवाल्यांनी तयारी केली होती, त्यांनी वाजवून घेतलं. खाटीक वेन्सेस्लाओ तोंडात घास धरूनच म्हणाला, "बाई, सापडलं नाही तर एवढी मेजवानी. सापडलं तर काय गाय कापायची?"

ती खूप हसली. मग चर्चच्या भिंतीआड जाऊन रडली. एम्पानादांची पुढची खेप लाटता लाटता उठून मी पिठाच्या हातांनीच तिला जवळ घेतलं. "अर्धं आयुष्य गेलं, वहिनी," एवढंच ती म्हणाली. तिचा काळा कोट पांढरा झाला, पण झटकायचं तिला सुचलं नाही.

पुढे काही महिन्यांनी दुर्बीणवाल्यांनी तिचं म्हणणं खरं ठरवलं. तिचा कण बाद झाला नव्हता. पण असलाच तर त्याची खूण फारच फिकी असणार, एवढं पक्कं झालं. तिने विद्यार्थ्यांना घेऊन त्याहून हलक्या कणांचं गणित मांडायला घेतलं.

काचेमागचा फोटो सासूबाईंनी काढला नाही. गिऱ्हाइकाने विचारलं, की सांगायच्या, "माझी लेक. ते अजून सापडलेलं नाही, हे हिनेच शोधून काढलं." एर्सिलिया दुकानात असली की कानापर्यंत लाल व्हायची आणि उगाचच वड्यांचे डबे सरळ करत बसायची.