दिव्याची हळद

ती घटना आजही आठवते आणि आठवली की तोंड कडू होतं.

मी तेव्हा पनवेल भागात ठाणे अंमलदार होतो. नेऱ्याकडच्या एका फार्महाउसचे मुंबईकर मालक तणतणत ठाण्यात आले. त्यांचा इटालियन दिवा चोरीला गेला होता. साठेक वर्षांपूर्वीचा, माणसापेक्षा उंच, लांब वाकलेली स्टीलची दांडी आणि खाली पांढऱ्या संगमरवराचा जड दगड. संशय कोणावर, हे त्यांनी न विचारताच सांगितलं. राखणीला ठेवलेल्या बाईवर.

कारणही दिलं. दिव्यांच्या अवसेला सगळे दिवे घासूनपुसून पुजतात. बाईने मालकांच्या दिव्यालाही हळदकुंकू वाहिलं. कुंकू निघालं, हळद दगडात मुरली. मालकीणबाईंनी तिला नाही नाही ते सुनावलं, म्हणून तिने डूख धरला म्हणे. तो पिवळा डाग ओळखीची खूण म्हणून त्यांनीच फिर्यादीत लिहवला.

बाईमाणसाला जबाबासाठी ठाण्यात बोलवत नाहीत. महिला शिपायाला घेऊन मी फार्महाउसच्या आवारातल्या तिच्या खोलीवर गेलो. जीप दारात लागली तशी बाजूची तिची अख्खी वाडी कुंपणाशी जमली.

"दिवा हाय तर पुजायला नको का, सायेब?" ती म्हणाली. "मी नाय नेला. माजं नाव तेवढं खराब करू नका."

तो दगड एकट्या बाईला हलणारा नव्हता. मालकांना तसं म्हटलं, तर म्हणाले, "साहेब, या लोकांना तुम्ही ओळखत नाही." माझा जन्म या तालुक्यातला.

मग खबर आली. करंजाड्यातल्या जुन्या फर्निचरच्या दुकानात टेम्पोतून एक जड दगड आणि वाकडी दांडी उतरली होती. दुकानदाराला समोर बसवलं. तो आधी उडवाउडवी करत होता. मालाचा पंचनामा सुरू झाला तसा बोलला. "एका पोराने आणून विकला. बापाचाच आहे म्हणाला." त्याच्या मोबाइलमध्ये त्या पोराचा फोटो होता. पोरगा मालकांचा.

मालकांना ओळख पटवायला बोलावलं. त्यांनी दिवा पाहिला, फोटो पाहिला आणि थंडपणे म्हणाले, "हा माझा नाही."

मी दगड फिरवला. पिवळा डाग समोर आला. त्यांनी डागावरून एकदा अंगठा फिरवला. मग म्हणाले, "हां, मीच त्याला विकायला सांगितलं होतं. विसरलो." घ्या! गुन्हा गैरसमजुतीतून नोंदला गेला म्हणून क समरी होऊन प्रकरण बंद झालं. दिवा मुंबईला गेला. बाईला मात्र मालकांनी त्याच आठवड्यात कामावरून काढून खोली रिकामी करायला लावली.

ती ठाण्याच्या फाटकाशी आली. "माजं नाव त्या चोरीतनं निघालं ना, सायेब? मंग वाडीत येऊन सांगा."

मी गेलो. जीप तिथेच लावली आणि सगळ्यांदेखत सांगितलं, की या बाईने चोरी केलेली नाही.

माणसं ऐकत होती. एक म्हातारा म्हणाला, "चोरी नाय केली, तं मालकानं तिला काढली कशाला?"

आयुष्यभर मी चोर पकडायचं शिकलो. चोर नसलेल्या माणसाला त्याच्या गावात परत उभं कसं करायचं, हे मला कुणी शिकवलं नाही.  ती बाई पदर तोंडाला लावून माझ्या उत्तराची वाट बघत होती.