खंडेनवमीचा अपडेट

अद्ययावत राहणे हा आजच्या युगाचा धर्म आहे.

हे वाक्य माझंच आहे. कोल्हापुरातल्या एका दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत मी बरीच वर्षं संगणकावर एक छोटं सदर लिहितो. वाचक साधे आहेत. निवृत्त शिक्षक, दुकानदार, बँकेचं खातं मोबाइलवर बघायला नुकत्याच शिकलेल्या गृहिणी. त्यांना मी सांगतो, पासवर्ड भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहू नका, फोटोंची एक प्रत दुसरीकडे ठेवा, आणि अपडेट आला की लगेच घ्या, ‘नंतर’ हे बटण दाबू नका. शेवटी एखादं भारदस्त वाक्य असलं की संपादकांना बरं वाटतं, म्हणून युगाचा धर्म. कसबा बावड्यातल्या आमच्या घरात मात्र एका लॅपटॉपवर ते ‘नंतर’ रोज सकाळी चहाबरोबर दाबलं जायचं. दाबणारे माझे वडील. मी शेजारी बसून पेपर वाचत असायचो.

त्याला कारण होतं. आण्णा त्या लॅपटॉपवरून बोलायचे.

आण्णांचं सगळं आयुष्य मार्केट यार्डात गुळाचे सौदे पुकारण्यात गेलं. गुळाच्या रव्यांच्या, म्हणजे ढेपांच्या, थप्पीपाशी उभं राहून ते भाव पुकारायला लागले की पलीकडच्या अडत्याला आपलं बोलणं थांबवावं लागायचं. घरीही ते त्याच पट्टीत बोलायचे. मीठ मागितलं तरी शेजारच्यांना कळायचं. मग अर्धांगाचा झटका आला. पाय सावरले, उजवा हात थोडाफार सावरला, बोलणं सावरलं नाही. डॉक्टर म्हणाले, शब्द डोक्यात शाबूत आहेत, जीभ साथ देत नाही. त्यानंतरचे काही महिने घर इतकं शांत झालं की आई भांडी मुद्दाम वाजवून ठेवायची.

तेव्हा मी लॅपटॉपवर एक सोय करून दिली. डाव्या हाताच्या बोटानं मराठीत लिहायचं, एक कळ दाबायची, आणि यंत्र ते मोठ्यानं वाचून दाखवतं. आवाज पुरुषी होता, जरा घशातला, सरकारी निवेदन वाचणाऱ्या माणसासारखा. आण्णांच्या खऱ्या आवाजाशी त्याचं काडीचंही साम्य नव्हतं. पहिल्या दिवशी आण्णांनी लिहिलं, “भाजीत मीठ न्हाय.” यंत्रानं ते दुःखद बातमी द्यावी तसं वाचलं. आई पदर तोंडाला लावून हसली आणि मग रडली. त्या आवाजाला ती ‘पावणं’ म्हणायला लागली. “पावणं काय म्हणतंय बघ रे,” असं मला सांगायची. पुढे ती त्या पावण्याशी भांडायलाही लागली, तेव्हा मला घर पूर्ववत झाल्यासारखं वाटलं.

आता असल्या यंत्राला अपडेट करायचं धाडस कोण करणार? आण्णांनी एकदाच विचारलं होतं, “त्यानं काय हुतंय?” मी म्हणालो, “सुरक्षा वाढते, काही गोष्टी सुधारतात.” त्यावर पावणं म्हणालं, “चालतंय ते चालू दे.” वर्तमानपत्रातल्या माझ्या सल्ल्याला घरात इतकाच मान होता.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं पूजतात. कामाची हत्यारं पाटावर मांडायची, हळदकुंकू वाहायचं, झेंडू ठेवायचा, आणि दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. आईच्या पाटावर विळी, अडकित्ता, कात्री, आण्णांचा जुना तराजू, माझं पेन आणि अलीकडे लॅपटॉप. म्हणजे वर्षातून एक दिवस आण्णांचं बोलणं पाटावर. ते त्यांना मनापासून पटलेलं होतं. त्या दिवशी ते खुणांनी बोलायचे आणि आम्हाला खूण कळली नाही की मजा बघत बसायचे.

गेल्या खंडेनवमीला मी लॅपटॉप बंद करून पाटावर ठेवायला निघालो, तर आईनं अडवलं. चार्जर लावलेला होता आणि कडेला बारीक केशरी दिवा लागला होता.

“राहू दे तसाच.”

“आई, तो चार्जिंगचा दिवा आहे.”

“कसला का असंना. पूजेतला दिवा इझवत न्हाईत.”

“निदान झाकण तरी मिटू?”

“मग झेंडू कुठं ठेवू? चेपंल की त्यो.”

आईशी वाद घालायला दुसरा कुठला तरी मुलगा लागला असता. लॅपटॉप उघडा राहिला, चालू राहिला, विजेला आणि इंटरनेटला जोडलेला राहिला, आणि सकाळपासून त्याला कुणीही हात लावला नाही. सदरातही मी हे लिहिलेलं आहे: आपण यंत्र वापरत नसतो ती वेळ साधून अपडेट होतात, म्हणून आपल्या कामाचे तास यंत्राला सांगून ठेवावेत. बारा महिन्यांत त्या लॅपटॉपला असा निवांतपणा मिळाला नव्हता. हळदकुंकू लावून, फूल वाहून, आम्ही सगळे हात जोडून बाजूला झालो होतो. यंत्राला याहून स्पष्ट परवानगी कशी द्यायची असते ते मला माहीत नाही.

दुपारी मी खोलीत गेलो तेव्हा पडद्यावर लिहिलेलं होतं, ‘आपला अनुभव अधिक सुंदर होत आहे. कृपया संगणक बंद करू नका.’ साखर कारखान्याच्या बॉयलर पेटवण्याच्या समारंभात पाहुणे बोलतात तशी ही भाषा. तिथेही काय सुंदर होणार आहे ते शेवटपर्यंत कळत नाही आणि मधून उठता येत नाही. मी बंद केला नाही. अर्ध्यावर तोडलेला अपडेट सगळंच घेऊन बसतो.

दसऱ्याच्या सकाळी आईनं फुलं उतरवली, पुसून लॅपटॉप आण्णांच्या पुढ्यात ठेवला. आण्णांनी डाव्या बोटानं नेहमीचं लिहिलं, “च्या कुठाय?” आणि कळ दाबली.

खोलीत एक तरुण बाई अतिशय स्वच्छ उच्चारांत म्हणाली, “च्या कुठाय?”

आई दाराकडे बघून म्हणाली, “कोण आलंय बघ रे.”

कुणी आलं नव्हतं. आण्णांनी तेच पुन्हा वाजवलं. पुन्हा तीच बाई. वक्तृत्व स्पर्धेत ढाल मिळवणाऱ्या मुलींचा असतो तसा आवाज, प्रत्येक अक्षर धुऊन वाळत घातलेलं. आण्णांनी पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि लॅपटॉप ठेवलेलं छोटं टेबल हळूच पलीकडे सरकवलं. रागानं नव्हे. नको असलेलं ताट सरकवावं तसं.

मी दिवसभर त्या यंत्राशी झटलो. सेटिंगमध्ये आवाजांची यादी असते, तिथे जुना आवाज दिसेना. अपडेट काढून मागे जायची सोय असते, ती काही दिवसच असते, म्हणून ती लगेच करून बघितली. यंत्र बराच वेळ गोल फिरलं आणि अत्यंत नम्रपणे म्हणालं की हे शक्य झालं नाही. वाचकांना मी अशा वेळी सांगतो, घाबरू नका, बंद करून पुन्हा सुरू करा. तेही केलं. बाई तिथेच होती.

खरी काळजी संध्याकाळची होती. दसऱ्याला सोनं द्यायला यार्डातली जुनी माणसं येतात. हमाल, तोलाईवाले, गुऱ्हाळवाले. झटका आला त्या वर्षी ती आली होती तेव्हा आण्णा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले होते आणि लोक आईच्या हातात आपट्याची पानं देऊन पाच मिनिटांत उठले होते. पावणं बोलायला लागल्यापासून मात्र ती रात्रीच्या जेवणापर्यंत हलत नसत. आता पुन्हा ते पहिलं वर्ष येणार असं आईला आणि मलाही वाटत होतं. आई दुपारी स्वयंपाकघरात मला म्हणाली, “त्यास्नी सांग, बाईच्या आवाजात बोला न्हाय तर बाप्याच्या, पण बोला.”

“तूच सांग की.”

“मी सांगितलं. तिकडं तोंड केलं.”

संध्याकाळी माणसं आली. आण्णा खुर्चीत नीट कपडे घालून बसले होते, पानं घेत होते, मान हलवत होते. टेबल भिंतीला लावलेलं. पहिली माणसं जरा इकडचं तिकडचं बोलून उठायच्या बेतात आली. तेवढ्यात कागलचे काका आले. त्यांचं गुऱ्हाळ होतं, त्यांचा गूळ वर्षानुवर्षं आण्णांनीच पुकारला, आणि वर्षानुवर्षं भावावरून दोघं भांडले.

“काय आण्णा, आज सौदं बंद?”

आण्णांनी पंजा हलवला. मी म्हणालो, “काका, मशीनचा आवाज बदललाय. बाईचा आलाय.”

“मग?”

“त्यांना नको वाटतंय.”

काका खुर्ची ओढून बसले आणि आण्णांना सोडून बाकीच्यांशीच बोलायला लागले. “तुमास्नी सांगतो, मोठा पूर आल्ता बघा, त्या साली माझा गूळ एक नंबर हुता. सोन्यावानी पिवळा. सगळं यार्ड बघाय आल्तं. आणि ह्या गड्यानं काय करावं? मुद्दाम बारीक आवाजात पुकारला. भाव पाडला माझा.”

आण्णांनी मान जोरात हलवली.

“न्हाय कसं? जळत हुता माझ्यावर. आज कबूल करतोय बघा, गप बसलाय म्हंजे कबूलच की.”

आण्णांच्या घशातून काहीतरी निघालं, त्याचा शब्द झाला नाही. लोक आपापल्या हातातल्या पानांकडे बघायला लागले. काका थांबले नाहीत. “आवाज बारीक केलता का न्हाय? व्हय म्हण न्हाय तर न्हाय म्हण.”

आण्णांनी भिंतीकडे हात केला. मी टेबल आणून पुढ्यात ठेवलं. त्यांचं बोट एकेक अक्षर शोधत चाललं होतं आणि खोलीत सगळे थांबून होते. काकाही. मग कळ दाबली गेली, आणि ती ढालवाली मुलगी खणखणीत आवाजात म्हणाली:

“गूळ वलसर हुता. साखर घातलीतीस त्यात.”

एक म्हातारे हमाल खुर्चीत वाकून हसायला लागले आणि खोली फुटली. काका हसले नाहीत. त्यांनी लॅपटॉपकडे बघून अदबीनं हात जोडले. “बाई, तुमी मधी पडू नका. आमचं जुनं हाय.”

आण्णा हसत होते. हसणं त्यांचं स्वतःचं राहिलं होतं, त्याला यंत्र लागत नव्हतं. हसून झाल्यावर त्यांनी पुन्हा बोट चालवलं. ती म्हणाली, “चव बघून सांगितलंतं मी. तुझ्यासमोर.” काका म्हणाले, “बाई, तुमचा जन्म झाल्ता का तवा?” मग जेवणापर्यंत ते तसंच चाललं. आई दारात उभी राहून ऐकत होती, हातातला झारा तसाच.

काकांना सोडायला मी फाटकापर्यंत गेलो. त्यांना म्हणालो, “काका, बरं केलंत.”

“काय केलं?”

“त्यांना बोलतं केलंत.”

त्यांनी चप्पल नीट घातली. मग म्हणाले, “साखर घातलीती. खोटं न्हाय बोलला त्यो.” आणि गेले.

दिवाळीनंतर मला जुना आवाज सापडला. तो गेला नव्हताच, एका आतल्या यादीत उतरवून घ्यायला ठेवलेला होता. सदरासाठी चांगला मजकूर होता: अपडेटनंतर एखादी सोय दिसेनाशी झाली तर ती काढून टाकली असं लगेच समजू नका, बऱ्याचदा ती फक्त हलवलेली असते, आणि अपडेटच्या आधी आपण रोज वापरतो त्या सेटिंगचा मोबाइलनं एक फोटो काढून ठेवा. मी तो आवाज बसवला आणि मोठ्या समाधानानं आण्णांच्या पुढ्यात लॅपटॉप ठेवला. पावणं परत आलं होतं. आण्णांनी एक वाक्य वाजवून पाहिलं आणि मला खूण केली: तीच बाई परत लाव.

मी लावली. माणसाची ओळख त्याच्या आवाजात नसते, त्याला जे म्हणायचं असतं त्यात असते, असं काहीतरी माझ्या मनात तयार होत होतं. रविवारच्या शेवटच्या ओळीला ते शोभलं असतं. तरी मी आण्णांना विचारलं, “जुना का नको?”

आण्णांनी लिहिलं. बाईनं वाचलं.

“हिचं स्वयंपाकघरात ऐकू जातंय.”