सात सेकंद जास्तीचे

प्रसारण केंद्रात त्यांना खऱ्या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं. तीस वर्षांपूर्वी एका चहाटळ निवेदकाने त्यांना 'सेकंदकाकू' म्हटलं, आणि ते जे चिकटलं ते चिकटलंच. पुढे तो निवेदक नोकरी सोडून गेला, त्याचे केस पांढरे झाले, पण नाव तेवढं मागे राहिलं.

काकूंचं काम सांगायला सोपं होतं. केंद्रावरून जे जे प्रसारित होईल, ते किती मिनिटं आणि किती सेकंद चाललं, हे मोजून तक्त्यावर लिहायचं आणि खाली सही करायची. बातम्या, भाषणं, नाटकं, गाणी, सगळं त्यांच्या टेबलावरून जायचं. आता कॉम्प्युटरवर आकडा आपोआप दिसत असे, तरी काकूंच्या गळ्यात काळ्या दोरीला बांधलेलं स्टॉपवॉच असेच. त्या दोन वेळा मोजत. दोन्ही वेळा सारखं आलं, तरच सही. एकदा एका मंत्र्यांचं भाषण चौदा सेकंद लांबलं, तेव्हा त्यांनी ते तसंच्या तसं लिहून वर पाठवलं होतं. मंत्र्यांच्या सचिवाचा फोन आला, तर काकू म्हणाल्या, "मी कुठे म्हणते वाईट बोलले? मी म्हणते चौदा सेकंद जास्त बोलले."

'दोन मिनिटांत आले' असं काकू म्हणाल्या, की त्या दोन मिनिटांत येत. त्यामुळे केंद्रात त्यांचा धाकही होता आणि थट्टाही. त्यांचं लग्न का झालं नाही यावर कँटीनमध्ये एक सिद्धांत होता. मुलगा बघायला आला तेव्हा सहा मिनिटं उशिरा आला, म्हणे. खरं काय ते काकूंनी कधी सांगितलं नाही, आणि सिद्धांत खोडूनही काढला नाही.

घरी त्या आणि त्यांचे शहाऐंशी वर्षांचे वडील, अशी दोनच माणसं. वडील रेल्वेत सिग्नल सांभाळून निवृत्त झाले होते, म्हणजे वेळेचं वेड काकूंनी बाहेरून आणलं नव्हतं. या बापलेकींचा वर्षातला सगळ्यात मोठा दिवस म्हणजे आंतरराष्ट्रीय गीतस्पर्धेचा. चाळीसेक देश, प्रत्येकाचं एक गाणं, आणि शेवटी गुण. वडील आदल्या दिवशीच कोऱ्या कागदावर पट्टीने रेघा मारून ठेवत. देश, सूर, ताल, पोशाख, एकूण, आणि शेवटचा रकाना शेरा. आपल्याच देशाला गुण द्यायचे नाहीत हा स्पर्धेचा नियम ते घरातही पाळत. आपल्या देशापुढे फक्त शेरा. आणि गेली सत्तावीस वर्षं तो शेरा एकच होता : 'काय म्हणाली?'

कारण सत्तावीस वर्षं आपल्याकडून जाणारं गाणं इंग्रजीतच जात होतं. वडिलांना आपल्या भाषेपलीकडे एक अक्षर येत नव्हतं. पहिली ओळ झाली की ते लेकीकडे वळून विचारत, "आपली पोरगी काय म्हणते गं?" काकू कामापुरत्या इंग्रजीतून अर्थ लावत आणि सांगत, "प्रेमाबद्दल म्हणते आहे, बाबा." वडील म्हणत, "गेल्या वर्षीही प्रेमाबद्दलच होतं. त्याचं काही जमलं नाही का अजून?"

या वर्षी मात्र वेगळं घडलं होतं. निवडून आलेली गायिका चष्म्याच्या दुकानात काम करणारी चोवीस-पंचवीस वर्षांची मुलगी होती. गाणं तिनेच लिहिलं होतं, आणि ते दुकानातलंच होतं. एक म्हातारा नवा चष्मा लावतो. सगळी गिऱ्हाइकं आधी आरशात बघतात, नाहीतर भिंतीवरची अक्षरं वाचून दाखवतात. हा मात्र बाजूला बसलेल्या बायकोकडे बघतो आणि म्हणतो, अगं, तू इतकी दमलेली आहेस हे मला आजवर दिसलंच नाही. बस्स, एवढंच गाणं.

विभागप्रमुखांनी, म्हणजे साहेबांनी, रिवाजाप्रमाणे त्याचं इंग्रजी करून घेतलं. त्यात म्हातारा गेला, दुकान गेलं, बायकोही गेली. उरलं ते 'मी तुला पाहतो, मी तुला पाहतो'. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांचं म्हणणं सरळ होतं. चाळीस देशांतले परीक्षक, त्यांना आपली भाषा कुठून कळणार? बाहेर जायचं तर बाहेरचे कपडे घालावेत. पण निवड समितीने दोन्ही गाणी ऐकली आणि एका मताने आपल्या भाषेतलं गाणं पुढे आलं. स्पर्धेत कुठलीही भाषा चालत होती. अट एकच, गाणं तीन मिनिटांच्या आत. एक सेकंद वर गेलं तरी बाद. सोबत केंद्राच्या वेळनोंदणी कर्मचाऱ्याची सही. पाठवायची मुदत गुरुवारी दुपारी चार.

गुरुवारी दुपारी दोन वाजता ध्वनिमुद्रण काकूंच्या टेबलावर आलं. त्यांनी एकदा मोजलं. पुन्हा मोजलं.

तीन मिनिटं सात सेकंद.

क्षणात खोलीत गर्दी झाली. साहेब आले, संगीतकार आला, गायिका पळत आली. संगीतकार म्हणाला, आपले शब्द लांब, इंग्रजीचे आखूड, म्हणून ओळी बसवताना प्रत्येक कडव्यात थोडी थोडी जागा वाढवली, ती सगळी मिळून इतकी होईल असं वाटलं नव्हतं. इंग्रजी गाणं दोन मिनिटं छप्पन्न सेकंदांत बसत होतं. साहेब हळूच म्हणाले, की ते तयारच आहे, बटण दाबलं की जाईल.

मग धावपळ सुरू झाली. आधी मधलं कडवं काढून बघितलं. पण बायको त्याच कडव्यात होती. ते गेलं तर म्हातारा कुणाकडे बघतोय तेच कळेना. मग लय वाढवून बघितली. म्हातारा बस चुकत असल्यासारखा घाईघाईने बोलायला लागला. संगीतकाराने स्वतःच हात वर करून थांबवलं. घड्याळात पावणेतीन.

गायिका काकूंच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. तिचा चेहरा उतरला होता. ती म्हणाली, "काकू, सात सेकंदांत माणूस धड शिंकतसुद्धा नाही. तीन मिनिटं लिहा ना. कोण बघतंय?"

काकू म्हणाल्या, "मी लिहीन गं. पण तिकडेही एखादी काकू बसलेली असणार. तिच्याही गळ्यात घड्याळ असणार."

"म्हणजे तुम्हाला पण इंग्रजीच हवंय."

हे काकूंना फार लागलं. समितीचा निर्णय कळला त्या संध्याकाळी त्यांनी वडिलांना बातमी सांगितली होती, आणि वडिलांनी त्याच दिवशी, स्पर्धेला दोन महिने असताना, कपाटातून पट्टी काढून ठेवली होती. आता घरी जाऊन काय सांगायचं? आणि खोटी सही करायची म्हटलं, तर तिकडे गाणं बाद, देश बाद, आणि बाबा टीव्हीसमोर रेघा मारून बसलेले. काकूंनी ड्रॉवर उघडला आणि तालमींचे सगळे तक्ते बाहेर काढले. सात सेकंद कुठे सांडले, ते शोधायचं. दुसरं काही त्यांना येत नव्हतं.

त्यांच्या तक्त्यात एक रकाना असा होता की जो अलीकडे कोणी वाचत नसे : 'आवाज कितव्या सेकंदाला सुरू'. पूर्वी निवेदक गाण्याच्या सुरुवातीच्या संगीतावर बोलत, म्हणून गळा सुरू व्हायला किती वेळ आहे हे त्यांना लागे. आता तसं बोलणारे निवेदकच राहिले नव्हते. पण काकूंनी रकाना सोडला नव्हता. त्या आपल्या नेमाने भरत होत्या.

त्यांनी बोट ठेवून वरून खाली वाचायला सुरुवात केली. पहिल्या तालमी इंग्रजीच्या. तेव्हा सुरुवातीला पियानो आठ सेकंद होता. नऊ, साडेनऊ, चुकली, दहा, चुकली. मग पियानो वाढवून अठरा सेकंद केलेला. अठरा, साडेअठरा, एकोणीस, अठरा. त्याच्या खाली आपल्या भाषेतल्या तालमी. सतरा. सतरा. साडेसोळा. सतरा. एकदा तर सोळा. पुढे संगीतकाराचा शब्द लिहिलेला : 'घाई करते, समज दिली'.

काकूंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि पुन्हा वाचलं. तक्ता घेऊन त्या इतक्या झपाट्याने उठल्या, की खुर्ची मागे पडली. तीस वर्षांत काकू धावताना कोणी बघितल्या नव्हत्या. शिपायाला वाटलं आग लागली.

स्टुडिओत त्यांनी तक्ता संगीतकारापुढे आपटला आणि विचारलं, हा पियानो अठरा सेकंद कशासाठी? तो दुखावल्यासारखा झाला. म्हणाला, तो गाण्याचा चेहरा आहे, त्याला हात लावायचा नाही, हे मी आधीच सांगितलंय. शिवाय त्याच्याशिवाय हिला सुरुवात सापडत नाही.

"इंग्रजीत सापडत नाही," काकू म्हणाल्या. "हे बघा. आपल्या भाषेत ती एकदाही चुकलेली नाही. उलट तुमचा पियानो संपायची वाट बघत दारात उभी राहते, आणि तुम्ही तिला घाई करते म्हणून ओरडता."

सगळे तक्त्यावर वाकले. संगीतकाराने आकडे दोनदा वाचले. मग मान वर करून गायिकेकडे बघितलं आणि विचारलं, की असं आहे का? ती जरा ओशाळली. म्हणाली, इंग्रजीचा पहिला शब्द मनात शोधावा लागायचा, तेवढ्यासाठी वेळ हवा असायचा. हे गाणं तर मी दुकानात काचा पुसतानाच म्हणते. तिथे कुठे पियानो असतो?

आठ सेकंदांची जुनी सुरुवात लावली, तर दहा सेकंद वाचत होते. दोन मिनिटं सत्तावन्न. संगीतकाराने आपल्या चेहऱ्याचा निरोप घेतल्यासारखा एक उसासा सोडला आणि पियानोवर जाऊन बसला. तीन वाजून पंधरा मिनिटं.

पहिल्याच खेपेला काय गाणं झालं. आठव्या सेकंदाला मुलीने असा काही सूर उचलला, की काचेपलीकडे साहेब चहाचा कप हातात तसाच धरून उभे राहिले. म्हातारा आला, दुकान आलं, दमलेली बायको आली. शेवटचा सूर तर तिने असा धरला, असा धरला, की सोडवेचना. संपल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकूंनी वाजवल्या नाहीत. त्यांनी घड्याळ वर धरलं.

तीन मिनिटं एक सेकंद.

साहेबांनी डोक्याला हात लावला. साडेतीन होत आले होते. गायिकेला वाटलं, आता संपलं. तेव्हा काकू कधी नव्हे त्या माइकपाशी गेल्या. बटण कुठलं ते त्यांना ठाऊक नव्हतं, तंत्रज्ञाने दाबून दिलं.

त्या म्हणाल्या, "बाळ, म्हाताऱ्याने बघितलं, बायकोला कळलं. आता तू तिथे उभी राहू नकोस. त्या दोघांना एकटं सोड."

मुलगी हसली. डोळे पुसले. दुसऱ्या खेपेला तिने शेवटचा सूर लावला आणि अलगद बाजूला झाली. दोन मिनिटं अठ्ठावन्न. काकूंनी टेबलावर नेऊन पुन्हा मोजलं. सगळी गर्दी त्यांच्या मागे उभी होती. साहेब घाईने म्हणाले, की एकदा मोजलं की झालं, पण काकूंनी मान हलवली. दोन मिनिटं अठ्ठावन्न. मग त्यांनी सही केली. चारला नऊ मिनिटं कमी असताना गाणं गेलं, आणि बटण साहेबांनीच दाबलं. दाबल्यावर ते पहिली ओळ गुणगुणत जिना उतरले, असं शिपाई सांगतो.

स्पर्धेच्या संध्याकाळी काकूंच्या घरी रेघांचा कागद तयार होता. तेरावं गाणं आपलं. आठ सेकंद पियानो वाजला, पोरीने तोंड उघडलं, आणि सत्तावीस वर्षांच्या सवयीने काकू वडिलांकडे वाकून म्हणाल्या, "बाबा, ती म्हणते आहे की—"

वडिलांनी डोळे टीव्हीवरून न काढता हात वर केला. पूर्वी गाडी थांबवायला करत असतील तसा.

आपला नंबर अकरावा आला. याआधी सोळाव्याच्या वर कधी आला नव्हता, तरी वडिलांनी परीक्षकांचा उद्धार केला. त्या सगळ्यांना त्या पोरीच्या दुकानात पाठवायला हवं, असं त्यांचं मत पडलं. बराच वेळ ते एकटेच वाद घालत बसले. कोणत्या देशाने किती गुण कमी दिले ते त्यांना पाठ झालं होतं.

ते झोपायला गेल्यावर काकूंनी कागद जुन्या सत्तावीस कागदांबरोबर ठेवायला उचलला. आपल्या देशापुढे सूर, ताल, पोशाख, एकूण, सगळे रकाने नियमाप्रमाणे कोरे होते. शेऱ्याच्या रकान्यात लहान अक्षरात लिहिलं होतं :

'विचारावं लागलं नाही.'