सिक्स्टन बुरवालचा निरोप

आमच्या गावच्या ब्रेनवाला फुटबॉल क्लबच्या मैदानावर मोसमातल्या शेवटच्या घरच्या सामन्याआधी निरोपाचा छोटा कार्यक्रम असतो. पुढच्या वर्षी जे संघात नसणार त्यांना मध्यभागी बोलावतात. कर्णधार सेलोफेनमध्ये गुंडाळलेला पुष्पगुच्छ देतो, क्लबचा क्रीडा संचालक हात मिळवतो, प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवतात. लगेच सामना सुरू होतो. त्या वर्षी ध्वनिक्षेपकावरून शेवटचं नाव आलं ते गोलकीपर सिक्स्टन बुरवालचं. आपल्याला क्लबनं काढलंय, हे सिक्स्टनला तेव्हा कळलं.

तो गोलपाशी सराव करत होता. हातमोजे घालूनच मध्यापर्यंत चालत गेला. कर्णधार येस्परनं गुच्छ दिला, मिठी मारली, कानात म्हणाला, "सगळ्यासाठी आभार." सिक्स्टन हसला. फोटोत तो हसताना दिसतो. मग त्यानं गुच्छ गोलच्या खांबाला टेकवून ठेवला आणि सामना खेळला. एकही गोल होऊ दिला नाही.

संचालक पेडर लिंडरोथला वाटलं होतं की प्रशिक्षकानं सांगितलं असेल. प्रशिक्षकाच्या मते ते काम पेडरचं होतं. आमच्याकडे अवघड विषय कुणी स्वतःहून काढत नाही. ज्याच्याबद्दल आहे त्याला माहीत असणारच, असं धरून सगळे नजर दुसरीकडे वळवतात. फुलांची ऑर्डर मात्र वेळेवर गेली होती.

सिक्स्टनची मोठी बहीण गुन्नेल मैदानावर सॉसेज आणि कॉफीचा स्टॉल सांभाळते, क्लबची सेवा म्हणून. सामना संपल्यावर ती त्याच्यावरच भडकली.

"मला आधी सांगायला काय झालं होतं तुला? सख्खी बहीण आणि लाउडस्पीकरवरून ऐकते!"

"मीही तिथूनच ऐकलं."

गुन्नेलनं चिमटा खाली ठेवला. "म्हणजे?"

"म्हणजे तेच."

पेडरनं दुसऱ्या दिवशी फोन केला. वाईट वाटतं म्हणाला, गैरसमज झाला म्हणाला, क्लबचं दार तुला कायम उघडं आहे म्हणाला. "कुठलं दार?" सिक्स्टननं विचारलं, "तिकीट काढून आत जायचं ते?"

सिक्स्टन तेव्हा छत्तीस वर्षांचा होता. दिवसा तो इलेक्ट्रिशियन. गावातल्या निम्म्या घरांची वायरिंग त्याच्या हातची आहे. फुटबॉल सोडायचं त्याच्या मनात होतंच, पुढच्या एक-दोन वर्षांत, स्वतःच्या तोंडानं सांगून. ते आता राहिलं. जानेवारीत तो तासाभराच्या अंतरावरच्या सांधामर संघात गेला. तोही ब्रेनवालासारखाच दुसऱ्या श्रेणीतला. पगार कमी, मैदान प्लास्टिकच्या गवताचं, समुद्रावरून येणारा वारा तोंडावर. मी गावच्या वर्तमानपत्रातल्या बातमीसाठी विचारलं, सांधामरच का? तो म्हणाला, "ते ब्रेनवालाशी दोनदा खेळतात."

मी हे छापलं. गावानं वाचलं आणि विनोद समजून हसलं.

पहिली गाठ मे महिन्यात सांधामरला पडली. ब्रेनवालाचे पाठीराखे तीन बस भरून आले आणि गोलमागे उभे राहून त्याला गाणं म्हणून दाखवू लागले, फुलांचं, सिक्स्टननं ती कुठल्या फुलदाणीत ठेवली असं विचारणारं. ब्रेनवाला दोन-शून्यनं जिंकलं. दुसरा गोल येस्परचा, सिक्स्टनच्या दोन पायांमधून. सोमवारी त्याच पाठीराख्यांपैकी एकाच्या स्वयंपाकघरात सिक्स्टन विजेच्या शेगडीची जोडणी करत होता. घरमालक मागे उभा राहून तेच गाणं गुणगुणत होता. सिक्स्टननं काम नेहमीसारखं नीट केलं, बिल नेहमीसारखं दिलं. मात्र घरमालकानं पुढे केलेली कॉफी घेतली नाही. आमच्याकडे कॉफी नाकारणं म्हणजे उघड अपमान, हे त्या माणसाला समजलं. गुणगुणणं थांबलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर ब्रेनवालाची घसरण सुरू झाली. नवा गोलकीपर चेंडूला हात लावायचा, तरी चेंडू मागे गोलमध्येच जायचा. ऑगस्टमध्ये पेडर लिंडरोथ दक्षिणेतल्या एका मोठ्या क्लबची नोकरी घेऊन निघून गेला. रविवारी गुन्नेलकडे बटाटे आणि हेरिंग मासळीचं जेवण होतं, सिक्स्टन होता, मीही होतो.

"झालं," गुन्नेल म्हणाली. "पेडर गेला. आता सूड कुणावर उगवणार? माझ्या सॉसेजवर?"

"पेडर एकटा होता का तिथे?"

"मग कोण कोण होतं?"

"सगळं स्टँड उभं होतं. हातमोजे घातलेला माणूस फुलं घेतोय, त्याचा चेहरा कुणालाच दिसला नाही? टाळ्या वाजवत होते."

"मीही वाजवल्या रे."

"माहीत आहे."

गुन्नेलनं बटाट्यांचं भांडं त्याच्यासमोरून उचललं आणि माझ्यासमोर ठेवलं. "तू खा. ह्याचं पोट भरलेलं दिसतंय."

मोसमाचा शेवटचा सामना नोव्हेंबरात, ब्रेनवालाच्या मैदानावर, सांधामरविरुद्ध. ब्रेनवालाला बरोबरी पुरेशी होती. हरले तर थेट तिसऱ्या श्रेणीत. सांधामर गुणतक्त्यात मधोमध, त्यांना ना वर जायचं होतं ना खाली. म्हणून सांधामरचा प्रशिक्षक स्टेलान यानं ठरवलं की या सामन्यात राखीव गोलकीपरला उतरवायचं. मोसम संपताना सगळेच प्रशिक्षक असं करतात.

सिक्स्टन त्याच्या खोलीत गेला. हे संभाषण मला स्टेलाननंच नंतर सांगितलं.

"मी खेळणार."

"सिक्स्टन, तुझे गुडघे बघ. तुझा मोसम संपला, घरी जा, पाय वर करून बस."

"मी या एका सामन्यासाठी वर्षभर गाडी चालवली."

"ते मला कळतं. पण त्यात माझ्या संघाचं काय?"

"तुला काय हवं?"

स्टेलान धूर्त माणूस आहे. त्याचा राखीव गोलकीपर अजून कच्चा होता, नवीन कुणी मिळत नव्हतं. "आणखी एक वर्ष," तो म्हणाला. "आत्ता सही कर, शनिवारी खेळ."

डॉक्टरांनी सिक्स्टनला उन्हाळ्यातच थांबायला सांगितलं होतं. त्यानं उभ्या उभ्या सही केली.

शनिवारी हिमकण पडत होते. मैदान भरलं होतं. सांधामरनं पूर्वार्धात कॉर्नरवरून एक गोल केला आणि मग सगळा खेळ सिक्स्टनच्या बाजूलाच झाला. तो उड्या मारत होता, चेंडू कवटाळून पडत होता, उठायला जरा जास्तच वेळ घेत होता. स्टँड शिव्या घालत होतं. सामना संपत आला असताना पंचानं ब्रेनवालाला पेनल्टी दिली. गोल झाला तर ब्रेनवाला वाचणार होतं.

येस्परनं चेंडू ठेवला. दोघं नऊ वर्षं एका संघात होते. येस्पर कुठे मारतो हे सिक्स्टनला ठाऊक, आणि सिक्स्टनला ठाऊक आहे हे येस्परला. अशा वेळी गोलकीपरला फारसा फायदा राहत नाही. सिक्स्टन गोलरेषा सोडून चालत त्याच्याजवळ गेला, काहीतरी बोलला. पंचानं त्याला मागे हाकललं. येस्पर चेंडूकडे बघत राहिला, मग धावला आणि नेहमीच्याच कोपऱ्यात, नेहमीपेक्षा हळू मारला. सिक्स्टननं तो नुसता अडवला नाही, दोन्ही हातांत धरला.

ब्रेनवाला खाली गेलं. स्टँडमधून बराच वेळ कुणी हललं नाही.

ड्रेसिंग रूमच्या बोळात येस्पर त्याची वाट बघत उभा होता. मी दोघांच्या मुलाखतीसाठी तिथेच होतो, माझ्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

"हे तू मला तेव्हा विचारलंस?" येस्पर म्हणाला. "भर पेनल्टीला?"

"उत्तर दे ना मग."

"हो. तुला काढलंय हे मला माहीत होतं. त्या दिवशी सकाळपासून माहीत होतं. मला वाटलं तुलाही कळलं असेल, आणि नंतर विचारायची लाज वाटली."

"बरं."

"वर्षभर एकाच गावात राहतो आपण, सिक्स्टन. तुझ्या-माझ्या घरात दोन गल्ल्या आहेत. कधीही दार वाजवून विचारता आलं असतं तुला."

"आलं असतं. पण मग आज पेनल्टीला माझ्याकडे काय उरलं असतं?"

"मला तू मित्र वाटायचास."

"मलाही," सिक्स्टन म्हणाला आणि अंघोळीला गेला.

हिवाळ्यात त्याची गावातली कामं कमी झाली. काही घरं आता शेजारच्या गावातून इलेक्ट्रिशियन बोलावतात, जास्त पैसे देऊन. येस्पर रस्ता ओलांडून पलीकडून जातो. गुन्नेल ख्रिसमसला भेटली, एप्रिलपर्यंत पुन्हा बोलली नाही. मग एकदा फोन करून म्हणाली, "स्टॉलचा फ्यूज उडालाय, दुसऱ्या कुणाला बोलावणार नाहीये मी, ये." तो गेला, फ्यूज बदलला. तिसऱ्या श्रेणीतल्या सामन्याला स्टँड निम्मंही भरलं नव्हतं. त्यानं ते सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत बघून घेतलं, असं गुन्नेल सांगते.

सांधामरला तो आता अडतिसाव्या वर्षी खेळतो. सरावानंतर दोन्ही गुडघ्यांवर बर्फाच्या पिशव्या बांधून गाडीत बसतो आणि तासभर तसाच घरी येतो. गेल्या आठवड्यात मी त्याला विचारलं, त्या एका सहीचा पश्चात्ताप होतो का.

"जिने चढताना होतो," तो म्हणाला. मग फोन काढून ब्रेनवालाचा निकाल पाहिला. घरच्या मैदानावर हरले होते. त्यानं फोन माझ्यासमोर धरला, मला नीट वाचता येईल असा, आणि मी मान हलवेपर्यंत धरून ठेवला.