बाकावरची जागा

सरकारी वकिलांचा प्रमुख झालो आणि माझं बोलणंच संपलं. खटले हाताखालचे वकील चालवायचे. मी कोल्हापूरच्या कोर्टात मागच्या बाकावर बसून नुसतं लक्ष ठेवायचो. मी दिसलो की त्यांच्या गप्पा बंद.

त्याच बाकावर हातकणंगल्याचा एक म्हातारा एसटीनं रोज येऊन बसे. त्याचा बांधाचा दावा कधीच निकाली निघाला होता. तरी न्यायाधीश आले की पटका सारखा करून सगळ्यांच्या आधी उठायचा.

एकदा म्हणाला, "वकीलसायेब, तुमीबी माझ्यागत नुसतं बसायलाच येताय की!"

मला रागच आला.

दुसऱ्या दिवशी उशीर झाला. बाक गच्च भरलेला. माझ्या जागेवर त्याचा पटका होता आणि तो न्यायाधीशांसमोर बोडक्या डोक्यानं बसला होता.