गोट्याची डबल बेल

अमेरिकेहून येऊन मला महिना झाला, तरी भिशीला बसलं की कुणीतरी म्हणतंच, "कुसुमताई, ते विमानातलं सांगा ना!" आता लहान लेकरू आणि रिटायर ड्रायव्हर, दोघांना सांभाळत पंधरा-सोळा तास एका जागी बसलेल्या बाईला किस्स्यांचा काय तोटा? एक सांगायला घ्यावा, तर त्याच्यामागून दुसरा लोंबकळत येतो.

लेकरू म्हणजे माझा नातू. पासपोर्टवर रेयांश, आमच्या गावात, कोल्हारात, गोट्या. दोन वर्षांचासुद्धा नाही अजून. माझ्या लेकीला, मनीषाला तिकडं अमेरिकेत नवी नोकरी लागली, वर परीक्षा, म्हणून दिवाळीत त्याला आमच्याकडं ठेवून गेली. आणि ड्रायव्हर म्हणजे आमचे हे. जन्म एसटीच्या स्टेअरिंगवर गेला. अजून स्वयंपाकघरातून बाहेर यायचं तरी आधी हॉर्न देतात!

रोज संध्याकाळी मनीषाचा व्हिडिओ कॉल. गोट्या तेव्हा जेवत असायचा. एक घास स्वतःला, एक मोबाईलला! मनीषा तिकडून "आऽम" करून खाल्ल्यासारखं करायची आणि इकडं वरणभात काचेवरून खाली घसरायचा. शेवटी मोबाईलचा आवाजच बसला. दुकानदारानं उघडून आत बघितलं आणि म्हणाला, "आजी, हा बिघडला नाही. जेवून झोपलाय!"

हसलो आम्ही. पण कॉल संपताना मनीषा रोज एकच विचारायची, "आई, समोर आल्यावर ओळखेल ना गं तो मला?" मी म्हणायचे, "न ओळखायला काय झालं!" आणि फोन ठेवला की मलाच खात्री वाटायची नाही. कारण पोरगं आता मला आई म्हणत होतं.

* * *

गोट्याला आईकडं पोचवायला निघालो, तर मुंबईच्या विमानतळावर पहिली अडकली ती माझी पिशवी. तपासणीवाल्या मॅडमनी आतून सहाण काढली, बाळगुटीची. मग वेखंड, हळकुंड, जायफळ, मुरडशेंग. एकेक वर धरून बघतायत. "पत्थर क्यों ले जा रहे हो?"

माझं हिंदी म्हणजे देवाची करणी. मी म्हणलं, "मॅडम, इसके उपर ये घासने का. बच्चे को चाटने को देने का. पोट साफ!"

मॅडमनी सहाण उलटीपालटी करून बघितली. मागं ही लाईन लागलेली! मला वाटलं, आता घरी पाठवतात. तर त्या जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "मेरी बेटी रातभर रोती है. ये पीलावाला कितनी बार घिसना है?"

* * *

आमच्या अंगणात खाटेवर रोज संध्याकाळी एसटी सुटायची. आजोबा ड्रायव्हर, गोट्या कंडक्टर. खाटेला गायीची घंटा बांधलेली. एकदा 'टण' म्हणजे थांबा, दोनदा 'टण टण' म्हणजे चला. पोराला स्वतःचं नाव नीट सांगता येईना, पण डबल बेल पाठ!

विमान आधी मागं सरकायला लागलं. झालं! आमचे हे खिडकीला नाक लावून, "अगं, रिव्हर्स घेतोय आन् मागं कुणीच हुबं न्हाई!" बघता बघता यांनी खिडकीशेजारी हातानं थापायला सुरुवात केली. "येऊ द्या, येऊ द्या... येऊ द्या!" गोट्याही थापतोय, "ये! ये! ये!" मी पदरात तोंड लपवलं.

विमान थांबलं. तेवढ्यात गोट्याला खुर्चीच्या हाताला ते हवाई सुंदरीला बोलवायचं बटण सापडलं. त्यानं दोनदा दाबलं. वर वाजलं, टिंग टिंग! आणि नेमकं त्याच क्षणी विमान पुढं निघालं.

पोरानं आमच्याकडं असं बघितलं, की आता ही गाडी माझीच!

* * *

आता वर गेल्यावर विमान हलल्यासारखं वाटतं का? नाही. गोट्याला वाटायचं, गाडी थांबलीय. लगेच टिंग टिंग! हवाई सुंदरी पळत यायची. "येस सर?" दहा मिनिटं गेली की परत टिंग टिंग! बिचारी दमली. आमच्या ह्यांनी तिला समजावलं, "मॅडम, रागावू नका. त्याला वाटतंय, गाडी हुबी हाय. पाशिंजरांचा खोळंबा नको म्हणून बेल देतोय तो."

ती म्हणाली, "अंकल, गाडी मुंबई से कब की निकल चुकी है!"

हे म्हणाले, "ते मला म्हाईत हाय. कंडक्टरला कोण सांगणार?"

* * *

झोपेचं तर विचारूच नका. विमानवाल्यांनी भिंतीला छान पाळणा अडकवून दिला. गोट्या त्यात उभा राहून रडला. त्याला आजोबांच्या खांद्यावर, इंजिनाचा आवाज ऐकत झोपायची सवय. मग काय, आमचे हे त्याला घेऊन खुर्च्यांमधल्या वाटेनं चालायला लागले. "घर्रर्र... घर्रर्र..." मधेच गिअर बदलायचे, मधेच ब्रेकचा सुस्कारा! पोरगं पेंगलं, पण आवाज थांबला की टक्क जागं.

अर्धं विमान झोपलेलं आणि आमचा माणूस चंदनापुरी घाट चढतोय! मी खुणा करतेय, हळू, हळू. तेवढ्यात अंधारातून एका बाईचा अस्सल मराठी आवाज आला, "काका, घाट संपला असेल तर पाच मिनिटं चहाला थांबवा हो!"

* * *

सकाळी नाश्त्याच्या वेळी शेजारची एक बाई म्हणाली, "हाऊ क्यूट! किती शांत आहे!" झालं, लागली नजर! तिथून जे पोरगं तडतडलं, ते ऐकेना. दृष्ट काढल्याशिवाय इलाज नव्हता. पण मीठ-मोहऱ्या कुठल्या? ताटातल्या मिठाच्या नि मिरपुडीच्या पुड्या घेतल्या, मुठीत धरल्या आणि गोट्यावरून उतरवायला लागले. "आल्यागेल्याची, पापी चांडाळाची..."

बघते तर समोर हवाई सुंदरी उभी. म्हणलं, आता विमान खाली उतरवतात!

ती खाली वाकली, डोकं पुढं केलं आणि म्हणाली, "आंटी, मेरी भी उतार दीजिए. सबसे ज्यादा नजर तो मुझे ही लगी है, आपके कंडक्टर की!"

* * *

मग आम्ही उतरलो. बॅगा घेतल्या, दारातून बाहेर पडलो. समोर मनीषा आणि जावई. मनीषानं मुद्दाम कपाळाला मोठी लाल टिकली लावली होती, व्हिडिओ कॉलला लावायची तीच. म्हणाली असेल, तेवढ्यावरून तरी ओळखेल. ती गुडघ्यावर बसली, हात पसरले. "गोट्या... ये ना रे."

गोट्या आजोबांच्या पायजम्यामागं गेला.

तिनं परत हाक मारली. त्यानं मान वळवली आणि मला म्हणाला, "आई, चल." मनीषाचे हात तसेच पसरलेले. ओठ दाबून म्हणाली, "राहू दे आई. लागेल थोडा वेळ." मला तर तिच्याकडं बघवेना.

आमच्या ह्यांनी पोराला मनीषा दाखवायला सवयीनं खिशातला मोबाईल काढला आणि परत आत ठेवला.

गोट्याच्या मुठीत विमानातलं अर्धं बिस्कीट होतं, घामानं ओलं झालेलं. तो पायजम्यामागून बाहेर आला. टिकलीकडं बघितलं, आजोबांच्या खिशाकडं बघितलं, परत टिकलीकडं. मग एकेक पाऊल टाकत पुढं गेला आणि बिस्कीट तिच्या तोंडापुढं धरलं.

मनीषानं सवयीनं "आऽम" केलं आणि तोंड नुसतंच मिटलं!

"अगं, खा की खरंच!" हे ओरडले. "आता मधी काच न्हाई!"

तिनं बिस्कीट खाल्लं. गोट्यानं आपली रिकामी बोटं बघितली. तिच्या हनुवटीखाली हात फिरवला, खाली घसरलंय का ते बघायला. काहीच नाही. मग तोंडात बोट घालून आत वाकून बघितलं. मनीषा एकीकडं रडतेय, एकीकडं चावतेय.

तो हळूच तिच्या कडेवर चढला. नीट बसला. आमच्याकडं एकदा बघितलं, सगळे आलेत ना, ते पाहिलं. मग तिच्या कपाळावरची टिकली बोटानं दोनदा दाबली आणि म्हणाला,

"टण... टण!"